विमा होऊन जातो म्हणे!

पत्र असं आहे:

"सप्रेम नमस्कार. माझे वडील रेल्वेत होते, मिरजेला बुकिंगवर. त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद होता. ते गेल्यावर डबा माझ्याकडे आला. एकतीस नाणी नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं ८४,००० रुपयांना मागितली आहेत. त्यांत डुकराचा रुपया म्हणतात तोही आहे. पाच नाणी टोरांटोला राहणाऱ्या माझ्या भावाला हवी आहेत: दोन शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), एक राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा) रुपया, नेहरूंचा १९६४ चा रुपया आणि गांधीजींचं १९६९ चं चांदीचं दहा रुपयांचं नाणं. आमच्या साताऱ्यातला कुरिअरवाला म्हणतो, 'ताई, दोनशे रुपये जास्त भरा, विमा होऊन जातो.' पण गेल्या वर्षी मी एक चांदीचं नाणं मैत्रिणीला पाठवलं, ते पोचलंच नाही. फाटकं पाकीट पोचलं आणि मला भरपाई मिळाली शंभर रुपये! आता कुणावर विश्वास ठेवू? आणि जाऊबाई म्हणतात, पाठवण्याआधी सगळी चिंचेनं घासून घ्या. घासू का? – एक वाचक, सातारा"

ताई, नमस्कार.

कुरिअरवाला तुम्हाला फसवत नाहीये. कंपनीनं त्याला जे शिकवलं तेच तो बोलतोय. घोळ आहे तो 'विमा' या शब्दात. काउंटरवर हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरतात, आणि त्यातली खरा विमा म्हणावी अशी एकच.

पहिली गोष्ट म्हणजे कंपनीची स्वतःची जबाबदारी. पावतीच्या मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ती छापलेली असते: माल हरवला तर आम्ही जास्तीत जास्त अमुक रुपये देऊ. तुमचे शंभर रुपये तिथूनच आले. त्या आकड्याचा तुमच्या नाण्याच्या किमतीशी काडीचा संबंध नसतो. ती फक्त कंपनीनं स्वतःभोवती घातलेली कुंपणाची तार आहे.

दुसरी म्हणजे ते जास्तीचे दोनशे. वाहतुकीच्या धंद्यात याला 'एफओव्ही' म्हणतात, म्हणजे मालाच्या किमतीवरचा आकार. तो भरला की पावतीवर 'ओनर्स रिस्क' (जोखीम मालकाची) याच्या जागी 'कॅरिअर्स रिस्क' (जोखीम नेणाऱ्याची) असं लिहून यायला हवं. नाही आलं, तर तुम्ही दोनशे रुपये दान केलेत असं समजा. आणि आलं तरीसुद्धा हा विमा नव्हे. कंपनी एवढंच कबूल करते की आमच्या हातून गेलं तर घोषित किमतीपर्यंत आम्ही जबाबदार, आणि तेही आमच्या अटींत बसलं तर.

तिसरी म्हणजे खरी विमा पॉलिसी, विमा कंपनीनं दिलेली, जिला ट्रान्झिट इन्शुरन्स म्हणतात. हिचा स्वतंत्र कागद असतो, त्यावर नंबर असतो, कशाला संरक्षण आहे आणि कशाला नाही हे लिहिलेलं असतं. असा कागद हातात मिळणार असेल तरच 'विमा झाला' म्हणायचं.

आता तुमच्या कामाचं. या तिन्ही गोष्टी नाण्यांच्या बाबतीत बहुधा एकाच खड्ड्यात पडतात. बहुतेक खासगी कुरिअर कंपन्यांच्या 'आम्ही नेत नाही' या यादीत चलन, नाणी, सोनं-चांदी, दागिने आणि पुरातन वस्तू असतातच. काउंटरवरचा मुलगा पाकीट घेतो, कारण आत काय आहे हे तो विचारत नाही आणि तुम्ही 'भेटवस्तू' म्हणून लिहिता. पाकीट पोचलं तर कुणाचं काही बिघडत नाही. हरवलं की मग यादी बाहेर येते. वर्ज्य माल घातलात, खोटं लिहून दिलंत, म्हणून दावा फेटाळला. पैसे घेताना न उघडलेली यादी पैसे द्यायची वेळ आली की बरोबर सापडते.

गेल्या वर्षीच्या पाकिटावर तुम्ही काय लिहिलं होतं, हे पत्रात नाही. 'भेटवस्तू, ५०० रुपये' असं काही लिहिलं असेल तर तुमचा दावा तिथंच लंगडा झाला.

पावतीवर सही करताना जरा थांबा, एवढं मात्र सांगतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात भारती निटिंग कंपनीचं प्रकरण गाजलं. कुरिअरनं पाठवलेली कागदपत्रं वेळेवर पोचली नाहीत, हंगाम हुकला, लाखोंचं नुकसान झालं. राज्य ग्राहक आयोगानं चार लाखांवर भरपाई दिली होती. ती शेवटी शंभर डॉलरवर आली, कारण पावतीवर तेवढीच मर्यादा छापलेली होती आणि पाठवणाऱ्यानं खाली सही केलेली होती. सही केली म्हणजे अटी मान्य केल्या, असं न्यायालय म्हणालं. पुढे सही नसलेल्या, समजावून न सांगितलेल्या बारीक अक्षरांतल्या अटी ग्राहक आयोगांनी काही प्रकरणांत बाजूलाही ठेवल्या आहेत. तेव्हा तुमची गेल्या वर्षीची पावती शोधा आणि त्यावर तुमची सही आहे का बघा. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून पाहा. मात्र फाटक्या पाकिटाचा फोटो काढला नसेल आणि आत चांदीचं नाणं होतं हे दाखवणारं काहीच नसेल, तर मी तुम्हाला उगाच आशा लावणार नाही.

आता नागपूरचं.

मी असतो तर पोस्टानं पाठवलं असतं, पण विमा उतरवूनच. नुसतं स्पीड पोस्ट नको. साधं स्पीड पोस्ट हरवलं तर भरपाई म्हणून भरलेल्या पोस्टेजच्या दुप्पट किंवा एक हजार, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळते. पोस्टेज शंभर झालं असेल तर दोनशे हातात येतील. पूर्वी आपण डोळे मिटून 'रजिस्टर करा' म्हणायचो, ते रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं. नोंदणी ही आता त्यावर घ्यायची जादा सोय आहे. आणि नोंदणी म्हणजे विमा नव्हे, हा गोंधळ आमच्या पिढीत तर घरोघरी आहे. नोंदणी केली की पाकीट सही घेऊन दिलं जातं, एवढंच. किंमत वसूल व्हायची तर विम्याचा आकार वेगळा भरावा लागतो. तो एक लाखापर्यंत उतरवता येतो, म्हणजे तुमचे ८४ हजार बसतात. दर काही स्वस्त नाही. काउंटरवर आधी हिशेब विचारा, मग व्यापाऱ्याशी बोला. हा खर्च त्यानं द्यायचा की तुम्ही, हे सौद्यातच ठरलं पाहिजे.

टपाल खात्यावर दावा लावून बघू, असं मनात असेल तर ते काढून टाका. १८९८ चा जुना कायदा खात्याला जबाबदारीतून जवळजवळ मोकळं ठेवत होता. २०२३ चा नवा कायदा आला, त्याचंही म्हणणं असं की नियमांत जेवढी जबाबदारी लिहिली आहे तेवढीच. म्हणजे विमा उतरवलेली रक्कम हाच तुमचा हक्क.

गल्लीतल्या छोट्या पोस्टात जाऊ नका, हेड पोस्टात जा, तेही सकाळी आणि महिन्याचे पहिले दिवस सोडून. विमा पाकिटाचं काम अनेक कारकुनांनी वर्षानुवर्षं केलेलं नसतं. मागे मी गेलो तेव्हा समोरच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "आत काय आहे?" म्हटलं, रुपयाचं नाणं. "एका रुपयाला वीस हजारांचा विमा?" रांगेतले सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न बिनतोड होता. दावा करायची वेळ आली तर हाच प्रश्न खातं विचारणार आहे, तेव्हा उत्तर कागदावर हवं. व्यापाऱ्याकडून नाण्यांची यादी आणि प्रत्येकाची किंमत लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी मागवा. तुमच्या ८४ हजारांचा तोच पुरावा. 'आमच्या बाबांनी किती जपलं होतं' ही किंमत कुठल्याच पॉलिसीत धरत नाहीत. खऱ्या किमतीपेक्षा जास्त विमा उतरवायचा नसतो आणि उतरवून फायदाही नाही. नुकसान जेवढं सिद्ध होईल तेवढंच मिळतं.

विमा पाकिटाला लाखेची मोहर लागते, सगळ्या जोडांवर, एकाच रंगाच्या लाखेची आणि एकाच शिक्क्याची. शिक्का तुमचा खासगी हवा. चालू नाण्याचा ठसा लाखेवर उमटवलेला चालत नाही, कारण तो कुणालाही उमटवता येतो. नाणी पाठवणाऱ्या माणसाला नाण्याचाच शिक्का चालू नये, याची मला दर वेळी गंमत वाटते. वडिलांची नावाची अंगठी असेल तर ती वापरा. लाख, मेणबत्ती आणि शिक्का घरून न्या. पोस्टात मिळेल या भरवशावर राहू नका.

आता पाकीट कसं करायचं. इथं जरा जास्त बोलतो, कारण हरवण्यापेक्षा फाटून पडणारी नाणी मी जास्त पाहिली आहेत.

ऐंशीच्या दशकात मी एक रुपया साध्या लिफाफ्यात, पोस्टकार्डाच्या घडीत घालून पाठवला होता. लिफाफा पोचला. पत्रही पोचलं. लिफाफ्याच्या खालच्या कोपऱ्याला मात्र अर्धचंद्राच्या आकाराची स्वच्छ चीर होती, जणू कुणी पंच मारला असावा. चोरी झालीच नव्हती. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो, त्याची कड खरखरीत असते. पिशवी दहादा आपटली की तो दहादा त्याच कोपऱ्यावर धडकतो आणि कानशीसारखा कागद कापत जातो. तुमच्या मैत्रिणीकडे पोचलेल्या फाटक्या पाकिटाचा कोपरा आठवून बघा. कुणी हात घातला, की नाणंच चालत बाहेर पडलं?

म्हणून नाणं हलता कामा नये. प्रत्येक नाणं मायलरच्या (कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या) पाकिटात किंवा खिडकीच्या पुठ्ठ्यात घाला. पुठ्ठ्याला पिना मारल्या असतील तर पक्कडीनं त्या सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा उठतो. बाजारात मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं मिळतात, ती नको. ते पीव्हीसी असतं. त्यातून हळूहळू आम्ल सुटतं आणि तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. माझी एक शिवराई अशीच गेली. प्रवासाच्या चार दिवसांत काही होत नाही, पण व्यापाऱ्यानं नाणी तशीच कपाटात ठेवली तर सहा महिन्यांनी फोन तुम्हालाच येईल.

मग हे पुठ्ठे दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टी लावा. ही थप्पी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छोट्या खोक्यात, खोकं मोठ्या खोक्यात, आणि मधल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे गच्च. जून ते सप्टेंबर असेल तर पिशवी दोनदा. शेवटी खोकं कानाशी धरून हलवा. काहीही वाजलं तर उघडा आणि पुन्हा भरा. वाजणारं खोकं ऐकणाऱ्याला आत काय आहे ते सांगत असतं. बाहेर 'नाणी' असं लिहू नका, 'कॉइन' हा शब्द असलेलं तुमचं किंवा व्यापाऱ्याचं दुकानाचं नावही नको. काउंटरवर मात्र खरं सांगा. पाकिटावर झाकायचं आणि खात्याला सांगायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बांधण्याआधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. डुकराच्या रुपयाचा तर भिंगातून काढा. १९११ च्या त्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरच्या माळेत हत्ती आहे. सोंड आणि पाय इतके आखूड कोरले की लोकांना ते डुक्कर वाटलं, मोठा गहजब झाला आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. 'तुम्ही पाठवलेला १९१२ चा निघाला' असा फोन आला, तर तुमच्याकडे त्या हत्तीचा फोटो असलेला बरा. भरण्यापासून मोहर लावेपर्यंतचं चित्रीकरण एका दमात, न थांबवता करा. मुलीला मोबाईल धरायला सांगा. पोस्टाच्या पावतीवर वजन छापून येतं, ते घरच्या वजनाशी ताडून पाहा. विम्याच्या वादात वजनाचा तो आकडा तुमचा सर्वांत खमका साक्षीदार असतो. वाटेत माल काढला तर वजन घटतं. व्यापाऱ्यालाही सांगून ठेवा की पाकीट घेताना मोहरा आणि वजन पोस्टमनसमोर बघायचं, शंका असली तर सही करायच्या आधी बोलायचं, आणि उघडतानाही चित्रीकरण करायचं.

पैसे आधी खात्यात जमा झाले पाहिजेत. व्यापारी जुना आणि भरवशाचा असला तरी. पुरातन वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, तो आहे का तेही विचारा, त्यात अपमान काही नाही. आणि तोच तुमच्याकडे 'विमा शुल्क', 'कर', 'नोंदणी फी' असं काही आधी मागायला लागला, तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन असे पैसे उकळणारे इतके वाढले की २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेला जाहीर सांगावं लागलं, आम्ही जुन्या नाण्या-नोटांचा व्यवहार करत नाही.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मनातलं सांगू? मी पाठवलंच नसतं. महाराष्ट्र एक्स्प्रेस साताऱ्याहून थेट नागपूरला जाते. विम्याच्या आकारात एका माणसाचं जाण्या-येण्याचं तिकीट निघेल. नाहीतर व्यापाऱ्यालाच विचारा, पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनाला तो येतोच असेल. साताऱ्याहून पुण्याला एसटीनं जायचं, नाणी त्याच्यासमोर टेबलावर मांडायची, पैसे जमा झालेले मोबाईलवर बघायचे आणि संध्याकाळी घरी. डबा मांडीवर. विमा, मोहर, चित्रीकरण, काही नको.

टोरांटोबद्दल मात्र माझं उत्तर कडक आहे. दोन्ही शिवराया आणि राणीछाप रुपया पाठवायचे नाहीत. टपालानं नाही, कुरिअरनं नाही, भावाच्या बॅगेतूनही नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं पुरातन वस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची आहे, वर दंड. 'माझ्या वडिलांचं आहे, मी विकत थोडंच आहे' हे कस्टमवाल्याला सांगून उपयोग नाही. विक्री नाही, नेणं हाच गुन्हा. आणि हे शंभर वर्षांचं काटेरी कुंपण दरसाल पुढे सरकतं, हे लक्षात ठेवा. पाचव्या जॉर्जचे चांदीचे रुपये १९२२ पर्यंत पडले, म्हणजे तेही आता आत आले. असा बेकायदा माल पाठवताना कितीही विमा उतरवा, कुठलीही कंपनी दमडी देणार नाही.

राहिली दोन, नेहरूंचा रुपया आणि गांधीजींचं दहाचं. ती शंभरीच्या आतली. परकीय चलनाच्या नियमांत स्मारक नाणी प्रत्येकी दोनपर्यंत बाहेर नेता किंवा पाठवता येतात, तेव्हा कायद्याची अडचण नाही. तरी आंतरराष्ट्रीय कुरिअरच्या वर्ज्य यादीत नाणी असतातच. भाऊ पुढच्या खेपेला येईल तेव्हा त्याच्या हातात द्या. कुणा अधिकाऱ्यानं वय विचारलं तर दोन्ही नाण्यांवर जन्म-मृत्यूची सालं आहेत, त्यांतलं मृत्यूचं साल दाखवा. शिवराया आणि राणीछाप इथंच ठेवा, तुमच्या लॉकरमध्ये, भावाच्या नावाची चिठ्ठी घालून. घराच्या विम्यात त्या आपोआप येतील असं धरू नका. नाणी आणि दुर्मीळ वस्तू तिथंही बहुधा वेगळ्या लिहून, किंमत आधी ठरवून घ्याव्या लागतात.

आणि जाऊबाईंची चिंच. नाही, ताई, हातही लावू नका. नाण्यावरचा तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे. तो घासला की नाणं चकचकीत होतं आणि किंमत तिथल्या तिथं उतरते. व्यापाऱ्यानं ८४ हजार सांगितले ते न घासलेल्या नाण्यांचे. उद्या तो म्हणाला 'ही फोटोतली नाहीत', तर ते खरंच असेल. वडिलांनी नाण्यांबरोबर स्वतःच्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या असतील, कुठून आणलं, कितीला आणलं, तर त्यांच्या झेरॉक्स नागपूरला द्या. मूळ चिठ्ठ्या डब्यातच राहू द्यात.